आधी कुणाची मोटर

६ जानेवारी १९८८, परभणी

पेटली! भट्टी पेटली!

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येणार, येऊ दे. मांडीएवढे जाड तीन काळे इलेक्ट्रोड भंगारावर उतरले, क्षणभर काहीच नाही, आणि मग असा कडकडाट की शेडवरचे पत्रे नाचायला लागले. आमचे मालक भगवानराव कानांवर हात दाबून उभे होते. जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेला, त्यांना हा आवाज कुठून सोसणार! मी मात्र वेड्यासारखा हसत होतो. भिलाईत बाबा पोलादाच्या कारखान्यात होते, त्यांच्या डब्याबरोबर मी लहानपणी ही गर्जना ऐकायला जायचो. आज ती माझ्या हातातल्या बटणावर आली. पोखर्णीच्या रस्त्यावर, ज्वारीच्या शेताशेजारी, विजेच्या ठिणगीत जुन्या बैलगाडीच्या धावा आणि ट्रकचे फुटके ॲक्सल वितळून पाणी झाले!

घरी आल्यावर मनकर्णाला हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमची भट्टी चालू झाली ते मला कळलं. दुपारभर घरातला बल्ब डोळे मिचकावायलाय."

मी ताडकन उठलो. किती वेळा मिचकावला? भरभर की सावकाश?

"मी भाकरी करायले होते," ती म्हणाली, "मोजायले नव्हते."

बायकोला विज्ञानाची गोडी लावायची राहूनच गेली आहे.

१६ जानेवारी

आनंदावर पाणी पडायला दहाच दिवस लागले.

आबासाहेब मामांनी काल हुरड्याला बोलावलं होतं. मामा म्हणजे मनकर्णाचे सख्खे मामा, कारखान्याला लागून असलेल्या खडकवाडीचे पाटील. कारखान्याची जमीन त्यांनीच दिली, मला ही नोकरीही त्यांनीच लावली. नाहीतर भिलाईत वाढलेल्या माणसाला परभणीत कोण ओळखतंय! मी खुशीत आगटीजवळ बसलो, तर हुरड्याबरोबर तक्रारी भाजून ठेवलेल्या.

"जावईबापू, तुमची भट्टी लागली की आमच्या मोटरी घुरघुरायल्यात. माजी जळाली. शेजारच्याची जळाली. गहू ओंबीवर आलाय, पाणी कुटून द्यावं?"

मी समजावून सांगितलं. भंगार थंड असतं तेव्हा ठिणगी एका जागी ठरत नाही, इकडून तिकडे उड्या मारते, आणि प्रत्येक उडीला लाइनमधून हिसका मारून वीज ओढते. एकाच नळावर एखाद्याने पंप लावला की शेजारच्या घागरीत धार बारीक होते, तसंच. मामांना ते पटलं, पण त्यामुळे मोटर काही दुरुस्त झाली नाही.

आज वीज मंडळाचे साहेब कारखान्यात आले. माणूस सज्जन, पण स्पष्ट. फेब्रुवारीच्या अखेरीला ते स्वतः खडकवाडीच्या डीपीखाली, म्हणजे गावाला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरखाली, उभे राहणार, भट्टी चालू ठेवायची, विहिरींवरच्या मोटरीही चालू ठेवायच्या. मोटरी सुरळीत चालल्या तर ठीक, नाहीतर भट्टीची लाइन कायमची तोडणार. गावकऱ्यांच्या मोटरी जाळून पोलाद करायला ते परवानगी देऊ शकत नाहीत, असं म्हणाले.

साहेब गेल्यावर भगवानराव म्हणाले, "भुजंगराव, भट्टी बंद पडली तर मी परत कापूस पिंजीन. तुमी कुटं जाल?"

कुठेच जाणार नाही! माझी भट्टी बंद पडणार नाही. कपॅसिटरची बँक लावायची, लाइनला आधार द्यायचा. डोक्यात सगळं तयार आहे.

२९ जानेवारी

कपॅसिटर बसवले, सकाळी जोडले, मीटरचा काटा असा सुंदर वर गेला की मी भट्टी चालवणाऱ्या तात्याराव मेल्टरला मिठीच मारली. तो जालन्याचा, तीन भट्ट्यांवर काम केलेला, असल्या लाडाची त्याला सवय नाही.

जेवणानंतर क्रेनची दुसरी बादली भरून भंगार टाकलं, इलेक्ट्रोड उतरवले, आणि कपॅसिटरच्या बँकेत बंदुकीसारखा बार. मग दुसरा. फ्यूज उडाले, एक डबा पोटाशी फुगून फाटला, तेल भिंतीवर. भगवानराव भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. हिशेब बरोबर होता, मग फाटला का?

१ फेब्रुवारी

कळलं! आंघोळ करता करता कळलं, आणि तसाच ओल्या अंगाने टेबलाशी बसलो. मनकर्णा दारातून ओरडतेय की फरशीवर तळं झालंय.

ठिणगी जो प्रवाह ओढते तो गुळगुळीत नसतोच. मोठ्या लाटेच्या पाठीवर लहान लहान लाटा असतात, पाचपट भरभर, सातपट भरभर. माझे कपॅसिटर आणि बाहेरची लाइन मिळून नेमका पाचपटीचा झोपाळा तयार झाला होता. झोपाळ्याला त्याच्याच तालावर धक्का देत राहिलं तर तो आढ्याला लागतो. तेच झालं. आता बँकेच्या पुढे तारेचं मोठं वेटोळं घालायचं, म्हणजे झोपाळ्याचा ताल बदलेल आणि ती पाचपटीची लाट बँकेतच निमूट जिरेल.

असलं वेटोळं विकत मागवायचं तर उन्हाळा उजाडेल. केबलचं रिकामं लाकडी ड्रम आहे, ॲल्युमिनियमची जाड तार आहे. आपणच गुंडाळायचं!

१० फेब्रुवारी

भगवानराव वेटोळ्याला "भुजंगरावचा पाळणा" म्हणतात. म्हणोत. पाळणा बसवून आज तीन हीट काढल्या, तीनदा भट्टीभर पोलाद ओतलं, एकही फ्यूज उडाला नाही. तात्यारावने ठिणगी सुरू करताना विजेचा दाब कमी ठेवला आणि हलकं भंगार वर टाकलं, त्यामुळे इलेक्ट्रोड लोण्यात सुरी जावी तसे आत गेले. संध्याकाळी घरी येऊन आधी बल्बकडे पाहिलं.

"आज शहाण्यासारखा वागला," मनकर्णा म्हणाली. "एकदोनदा पापणी लवली, बस."

मी तिला उचलून फिरवलं. ती ओरडत होती की शेजारीण बघायलीय.

११ फेब्रुवारी

खडकवाडीत काल आणखी एक मोटर जळाली. म्हणजे काय हे? परभणीचा बल्ब स्थिर, कारखान्यातला काटा स्थिर, आणि तिथे मोटरी जळतातच कशा?

१३ फेब्रुवारी

आता हे लिहिताना मला नाचावंसं वाटतंय.

सकाळपासून खडकवाडीच्या डीपीखाली मीटर घेऊन बसलो. डीपी मामांच्या बांधावरच आहे. सगळीकडे मोटरींचा घूं असा आवाज. कारखान्यात ठिणगी लागली, काटा जरासा लवला, अगदी जरासा, आणि अख्ख्या शिवारातला आवाज एकदम बंद. स्टार्टर सुटले, मोटरी बंद पडल्या. एवढं मला अपेक्षित होतं. पण पुढच्याच क्षणी सगळ्या विहिरींवरून एकदम कण्हल्यासारखा आवाज आला, आणि माझा काटा असा तळाला गेला की मला वाटलं मीटरच बिघडलं. मोटरी फिरायचा प्रयत्न करत होत्या आणि एकही फिरत नव्हती. भट्टीने इतका मोठा खड्डा पाडलाच नव्हता!

मी धावत जाऊन जवळच्या विहिरीवरची पेटी उघडली. तिथला शेतकरी आश्रुबा घाबरून म्हणाला, "त्याला हात नका लावू, त्यो आटो हाय."

ऑटो! शेताला लाईट कधी येईल त्याचा नेम नसतो. वेळीअवेळी उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून प्रत्येकाने एक स्विच लावून घेतलाय. लाईट आली की मोटर आपोआप चालू.

"सगळ्यांकडे आहे?"

"कोनाकडं न्हाई ते इचारा."

म्हणजे असं होतं. भट्टी लाइनला छोटासा चिमटा काढते, मोटरी सुटतात. ऑटोला वाटतं लाईट आत्ताच आली. सगळे ऑटो एकाच क्षणी सगळ्या मोटरी सुरू करतात. सुरू होताना मोटर चालतानाच्या कितीतरी पट वीज खाते, डीपी मान टाकते, कुणीच फिरत नाही, सगळे तापतात, एखादी जळते. चिमटा माझा, पण चेंगराचेंगरी त्यांची!

उपाय तर सोपा आहे. एकाने आधी उठायचं, ती मोटर वेग घेईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, मग तिसऱ्याने. प्रत्येक पेटीत उशीर करणारा एक छोटा डबा बसवायचा, प्रत्येकाचा उशीर वेगळा. परभणीत सिताराम म्हणून रेडिओ दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडून रिले आणि ट्रान्झिस्टर घालून करून घेतो.

१५ फेब्रुवारी

कुणी आधी उठायचं, हे मोजायला आज सगळ्या विहिरी पायी फिरलो. मोटारसायकल ओढ्याशी ठेवावी लागली. सगळ्यात लांबची विहीर ओढ्यापलीकडे, गायरानाच्या कडेला, सटवाजी नावाच्या माणसाची. तिथपर्यंत तार जाता जाता विजेचा निम्मा जीव जातो. साहजिकच तो पहिला. लाइन रिकामी असतानाच त्याची मोटर उठू शकते. मामांची विहीर डीपीच्या पायाशी आणि मोटर सगळ्यात मोठी, ते शेवटी. मधले अंतराप्रमाणे. इतका स्वच्छ क्रम निघाला की मन प्रसन्न झालं.

ऊन मी म्हणत होतं. सटवाजीच्या घरी कुणी पाणी विचारलं नाही, शेवटी मीच मागितलं. त्याची बायको सरजाबाई तांब्या घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्यातलं पिता का सायेब?" मी म्हटलं, आण की, जीव चाललाय. तरी तिने परत विचारलं. घटाघट प्यालो, दुसरा तांब्या मागितला. इकडच्या लोकांना पाहुण्याला पाणी द्यायचा एवढा संकोच का, कळत नाही. पाणी तर गोड आहे.

१८ फेब्रुवारी

परभणीत आज नामांतराचा मोर्चा, बाजार बंद, सितारामचं दुकान बंद. माझे रिले आत आणि कुलूप बाहेर! विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं ते द्या, पण एक दिवस पुढेमागे करता आलं नसतं? मनकर्णाला म्हणालो, तर म्हणाली, "तुमी भिलाईतच मोठे झालात ते बरं झालं का वाईट, मला कळंना." यात भिलाईचा काय संबंध?

२१ फेब्रुवारी

डबे तयार. गावकऱ्यांना मामांच्या ओट्यावर जमवलं. सतरंजीवर भरपूर जागा होती, पण सटवाजी खाली लिंबाजवळच उभा. मी दोनदा बोलावलं, तो म्हणाला, "हितंच बरं हाय सायेब."

मी आधी चिमटा आणि चेंगराचेंगरी समजावली. लोक माना डोलावत होते, आश्रुबा तर हसला. मग क्रम वाचला. पहिला, सटवाजी. शेवटचा, आबासाहेब पाटील.

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या.

मामांनी पानाची पिंक टाकली. "जावईबापू, चुकून उलटं वाचायलाव तुमी."

मी म्हटलं, नाही मामा, बरोबर आहे. आणि अंतर, तारेची जाडी, दाब, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"समद्या गावाला ठावं हाय," ते म्हणाले, "पोळ्याला वेशीतून आदी आमचेच बैल जातेत. आमच्या आज्याच्या टायमापासून. आता इजेच्या येशीतून मी मागून जाऊ? अन् कोनाच्या मागून?"

मी म्हणालो की हा काही क्षणांचाच फरक आहे, पान तोंडात टाकेपर्यंत तुमचीही मोटर उठेल.

"काही क्षनाचाच हाय ना? मंग मला आदी द्या."

मान आणि मोटर यांची सांगड माणसं कशी घालतात! बैठक मोडली. डबे बसवू द्यायला मात्र सगळे तयार झाले, मामाही. नाही म्हणाले नाहीत, एवढं खरं.

निघताना सटवाजीला गाठायला ओढ्यापलीकडे गेलो, तर वेगळंच त्रांगडं. तो हात जोडून म्हणतो, "सायेब, आमाला पयला नंबर नगं. शेवटचा द्या. मोटर जळाली तर जळू द्या."

मी थक्क. "अरे, भीती कसली?"

"मागं एकदा घर जळालंय सायेब. अठ्ठ्याहत्तर साली."

मला वाईट वाटलं, आणि त्याचं म्हणणं लक्षात आलं. शॉर्टसर्किटची धास्ती बसली असणार. मी त्याला फ्यूज उघडून दाखवला, अर्थिंग म्हणजे काय, जमिनीत कोळसा आणि मीठ का घालतात, हे सावकाश सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. सरजाबाई दारात धान्य निवडत बसली होती, ती म्हणाली, "तवा आमच्यात लाईट न्हवती सायेब."

मग चुलीचं निमित्त झालं असेल, मी म्हणालो. पण मोटरच्या बाबतीत तसं होणार नाही, मी जबाबदार आहे.

नवरा काही बोलणार, तोच ती सूप बाजूला ठेवून उठली. "लावा नंबर. आमच्याच हिरीवर पयला लावा."

"सरजे," तो म्हणाला.

"न्हाई. त्यांनी मोजून काडलाय. कुनाची भीक न्हाई ती."

बाई समजूतदार आहे. अर्थिंगचं तिला नवऱ्याआधी कळलं.

२२ फेब्रुवारी

मामांच्या मानाची भानगड सोडवायला आज नामी युक्ती काढली. पेट्यांवर आकडे रंगवायचे आहेतच, ते उलटे रंगवायचे! मामांच्या पेटीवर एक, सटवाजीच्या पेटीवर शेवटचा आकडा. आतला उशीर माझ्या हिशेबानेच. विजेला काय, बाहेरचा आकडा वाचता येत नाही. मामा खूश, मी खूश.

मनकर्णाला कौतुकाने सांगितलं. तिचा चेहराच बदलला.

"गिनती सरळ हाय ना तुमची?"

"हो."

"मग सांगायला उलटी कामून?"

"अगं, कुणाचं काय बिघडतं त्यात?"

"ज्याचा नंबर पयला हाय त्याचं बिघडतं." असं म्हणून तिने पांढऱ्या रंगाचा डबा माझ्यापुढे आदळला. "मामा माजे हायेत. त्यांच्या रुसव्याचं मी बघून घेते. तुमी खरे आकडे काडा."

एवढी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. सख्खे मामा, आणि त्यांचीच बाजू घेत नाही! पण एक सांगतो, ती रागावली की फार छान दिसते. आकडे सरळच रंगवले.

२७ फेब्रुवारी

परीक्षेचा दिवस. आधी सगळं बिघडलं, मग सगळं जमलं. क्रमाने लिहितो.

मंडळाचे साहेब सकाळीच डीपीखाली आले. त्यांच्याकडे दाबाची रेघ काढणारं पेनाचं यंत्र होतं. अख्खी खडकवाडी बांधावर. भगवानराव नवा सदरा घालून. कारखान्याचा भोंगा वाजला, ठिणगी लागली, काटा लवला, मोटरी सुटल्या. मी श्वास धरून ओढ्याकडे कान लावले. आधी तिकडून आवाज यायला हवा होता.

आला तो माझ्या पाठीमागून, धडाडत. मामांची मोटर! बाकीच्या तिच्या ओझ्याखाली एकामागून एक नुसत्या कण्हत राहिल्या. ओढ्यापलीकडची तर हललीच नाही. साहेबांच्या कागदावर खड्डा असा खोल गेला की पेन कडेला आपटलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

भट्टी गेली, असंच वाटलं. मग डोक्यात तिडीक गेली आणि मी मामांच्या विहिरीकडे पळालो. पेटी उघडली. माझ्या डब्याला वळसा घालून एक लाल तार सरळ जोडलेली.

मामा आंब्याखाली बाजेवर बसले होते. "जावईबापू, तेवढी ऱ्हाऊ द्या."

"मामा, यानेच सगळे पडले!"

"पडू द्या. उटतील मंग. पाटलाची मोटर हाय ही." मग आवाज खाली आणून, "तुमाला नोकरी कोनी लावली, भुललाव का?"

माझ्या हातात पक्कड होतीच. "डीपी तुमच्या बांधावर आहे म्हणून तिच्यातली वीज तुमची होत नाही, मामा," एवढं म्हणालो आणि तार तोडली. हे आपण बोललो यावर माझाच विश्वास बसेना. गर्दीत कुणीतरी खाकरलं. मामा जागचे हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

साहेबांकडे धावत आलो. म्हटलं, आणखी एक संधी द्या, दुसरी बादली पडायची आहे, थंड भंगारावर ठिणगी पुन्हा तशीच पिसाळेल. ते तुटक्या तारेकडे बघत म्हणाले, "टाका बादली."

भोंगा. ठिणगी. काटा लवला. शिवार शांत झालं.

आणि मग ओढ्यापलीकडून, गायरानाच्या कडेने, बारीकसा घूं असा आवाज आला. एकटाच. भरत गेला, खणखणीत झाला. मग अलीकडची विहीर. मग आश्रुबाची. एक उठली की दुसरी, कुणी कुणाच्या अंगावर पडत नव्हतं. डीपी शांत, साहेबांचं पेन नुसतं हलकेच लवून पुढे जात होतं. सगळ्यांच्या शेवटी, मोठ्या दिमाखात, मामांची मोटर. एकही अडली नाही!

मी ओरडलो काय, टोपी उडवली काय, आठवत नाही. साहेबांनी हात पुढे केला. "लाइन राहील," म्हणाले. भगवानरावांनी मला चक्क उचललं. एवढ्या वजनाचा मी!

धावतच ओढा ओलांडला, सटवाजीचा दाब मोजायला. तो पाइपाच्या तोंडाशी उभा, पायांवर पाणी पडत होतं आणि हा डोळे पुसत होता. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, आता रडायचं नाही, तुझी मोटर पुन्हा जळणार नाही. तो म्हणाला, "मोटरीचं न्हाई सायेब." आनंदात माणसाला शब्द सापडत नाहीत, माझंही तेच झालं होतं.

जाताना त्यांच्यासमोर सगळ्या डब्यांना शिशाची सीलं ठोकली, पुन्हा कुणी लाल तार लावायला नको.

४ मार्च

मामांनी निरोप पाठवलाय की यापुढे आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका. मनकर्णा स्वयंपाकघरात रडली. मी अपराध्यासारखा दाराशी उभा राहिलो. तिचं माहेर म्हणजे तेच होतं, आईच्या मागे मामांनीच वाढवलं. मी म्हटलं, माफी मागून येतो.

"कशाची?" तिने डोळे पुसले आणि पुरण वाटायला घेतलं. होळी कालच झाली, आणि आज पुन्हा पुरणपोळ्या! डबा भरून माझ्या हातात दिला.

"मामांकडे?"

"न्हाई. वढ्यापल्याड द्या."

गेलो. बरं झालं गेलो, नाहीतर एक विलक्षण गोष्ट बघायची राहिली असती. आज शेताची लाईट सकाळची होती. सटवाजीच्या बांधावर आजूबाजूची सगळी घरं जमलेली, म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मला वाटलं कुणी गेलं की काय. तेवढ्यात लाईट आली आणि सटवाजीची मोटर घूं करून उठली. सगळे एका सुरात मोजायला लागले. एक, दोन, तीन, सावकाश, पाढे म्हणावेत तसे. मधल्या मोटरी उठत गेल्या, मोजणी थांबली नाही. सगळ्यात शेवटी लांबून मामांची मोटर धडाडली, तेव्हा कुठे थांबली, आणि एवढा हशा पिकला की झाडावरचे बगळे उडाले.

माझा ऊर भरून आला. माझे टायमर तपासतात ही माणसं! तंत्राबद्दल एवढी आस्था मी भिलाईतही पाहिली नाही. सरजाबाईला डबा दिला आणि विचारलं, रोज मोजता?

"रोज. म्हाताऱ्या तर कालपून न्याहारी हितंच करायल्यात."

"कशासाठी पण?"

"तेवढंच ऱ्हातंय का कमी व्हायलंय, बगतो."

"कमी होणार नाही! मी सील ठोकलंय ना शिशाचं."

तिने डबा पदराखाली धरला, डीपीच्या दिशेला, मामांच्या शेताकडे पाहिलं, आणि म्हणाली, "शिसं तर दातानं बी तुटतंय, सायेब."

खरंच की! माझ्या लक्षात कसं आलं नाही? बाईला इंजिनियरचं डोकं आहे. उद्या वेल्डिंगचं मशीन घेऊन जातो आणि सगळे डबे पक्के करून टाकतो. मामांचा सगळ्यात आधी.